नवं टोडस्टूल लेदर नऊ दिवस झाले मिटूनच आहे, काय करू?

ओलीवाळू
१२ तारीख, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. माझी खाऱ्या पाण्याची टाकी आठ महिन्यांची आहे. आकाराने २०० लिटर, दगड-वाळू वजा जाता पाणी १८० लिटरच्या आसपास. दोन क्लाऊनफिश, वाळू चाळणारा एक गोबी मासा, थोड्या गोगलगायी आणि दोन हर्मिट खेकडे. कोरल आजवर ठेवलं नव्हतं. नऊ दिवसांपूर्वी पहिलं आणलं, टोडस्टूल लेदर, म्हणजे देठावर छत्रीसारखी टोपी असलेलं मऊ कोरल. टोपी साधारण ७ सेंटिमीटर. विक्रेत्याच्या टाकीतला त्याचा व्हिडिओ पाहिला होता, टोपीभर पॉलिप, म्हणजे कोरलचे स्पर्शकवाले छोटे जीव, गवतासारखे डोलत होते. तेच बघून मी ते ठरवलं.

प्रवासात ते २० तास पिशवीत होतं. आल्यावर पिशवी २० मिनिटं टाकीत तरंगत ठेवली, मग बादलीत काढून अडीच तास ड्रिप दिलं, म्हणजे टाकीचं पाणी थेंब थेंब घातलं. त्यानंतर बाटलीवर लिहिल्याप्रमाणे १० मिनिटं डिप करून, म्हणजे कीड काढायच्या द्रावणात बुडवून, टाकीत सोडलं.

पहिल्या दिवशी वरच्या दगडावर ठेवलं. मिटलं. दुसऱ्या दिवशी वाटलं उजेड जास्त होतोय, म्हणून खाली वाळूवर. तिसऱ्या दिवशी प्रवाह कमी वाटला, म्हणून दुसऱ्या टोकाला. पाचव्या दिवशी परत वाळूवर. एकदाही पॉलिप बाहेर आलेले नाहीत. कालपासून टोपीवर मेणचट, राखाडी पापुद्रा दिसतोय आणि कडा आत वळल्यात. सडायला लागलंय का? रोज सकाळी उठले की आधी तिथेच जाऊन बघते. फोटो जोडते आहे.


समुद्रफेस
१२ तारीख, रात्री १०.०५

ओलीवाळू, आधी एक काम करा. टोपीकडे बघू नका, देठाकडे बघा. देठ ताठ आहे का? दगडाला टेकतो तिथे काळा डाग, पांढरा बुळबुळीत भाग किंवा भोक दिसतंय का? हाताला, म्हणजे हातमोज्यातल्या बोटाला, घट्ट लागतो की पिकलेल्या फळासारखा दबतो? आणि कोरल आहे तिथलं थोडं पाणी कपात काढून वास घ्या. मरणाऱ्या लेदरला कुजलेल्या अंड्याचा वास येतो, एकदा आला की शंका राहत नाही.

देठ घट्ट असेल आणि वास नसेल, तर तुमचं कोरल जिवंत आहे. टोडस्टूल जागा बदलल्यावर दोन-दोन, तीन-तीन आठवडे मिटून बसलेलं मी पाहिलंय. फोटोवरून मला तरी ते सडकं वाटत नाही.

आणि पाण्याचे सगळे आकडे लिहा. “सगळं नॉर्मल आहे” असं नको, आकडे हवेत. क्षारता, म्हणजे पाण्याचा खारेपणा, कशाने मोजता तेही सांगा.


तळाचादगड
१२ तारीख, रात्री १०.३०

माझ्या मते आयोडीनच्या पाण्यात परत एक डिप द्या आणि तो पापुद्रा मऊ ब्रशने काढून टाका. खाली जंतू धरतात. माझ्या एका फिंगर लेदरला असंच झालं होतं, पापुद्र्याखाली सडत गेलं.


शंखिनी
१२ तारीख, रात्री ११.१०

तळाचादगड, तुमचा अनुभव खरा असणार. पापुद्रा तसाच चिकटून राहिला तर खाली कूज धरते, हे मीही बघितलंय. पण ओलीवाळूताईंच्या कोरलचा पापुद्रा एकच दिवस जुना आहे. तो आजार नाही, कात टाकणं आहे.

लेदर जातीची कोरलं, म्हणजे सार्कोफायटॉन, लोबोफायटम, सिन्युलारिया, अधूनमधून अंगावर मेणासारखा थर आणतात आणि तो टाकून देतात. अंगावर शेवाळ, गाळ, सूक्ष्मजीव साचलेले असतात ते त्याबरोबर निघून जातात. चांगल्या रुळलेल्या टाकीतही हे होतं. नव्या जागी आलेलं कोरल तर हमखास करतं. कात टाकताना पॉलिप आत, टोपी आक्रसलेली, रंग मळकट. काही दिवसांपासून आठवड्याभरापर्यंत, कधी त्याहून थोडं जास्त.

हा थर कोरलनेच सोडायचा असतो. त्याला मदत करायची ती प्रवाहाने. नखाने, ब्रशने सोलायला गेलं तर खालची कोवळी त्वचा फाटते, आणि जंतूंना वाट तिथूनच मिळते. पॉवरहेड, म्हणजे टाकीत प्रवाह करणारा पंप, असं फिरवा की पाणी टोपीवरून सरकत जाईल. थेट झोत मात्र नको. पापुद्र्याचा कोपरा आपोआप सुटून फडफडायला लागला, की मोठ्या सिरिंजने टाकीचंच पाणी हलकेच मारा. तेवढं पुरे.

डिप परत अजिबात नको. डिप कीड काढण्यासाठी असतं, औषध म्हणून नव्हे. आधीच थकलेल्या जिवाला तो आणखी एक मार होईल.

एक गोष्ट मात्र आजच करा. ॲक्टिव्हेटेड कार्बन जाळीच्या पिशवीत घालून, धूळ निघेपर्यंत आरओडीआयच्या, म्हणजे गाळून पूर्ण शुद्ध केलेल्या, पाण्यात धुऊन, सम्पमध्ये, म्हणजे फिल्टरच्या वेगळ्या टाकीत, पाणी वाहतं तिथे ठेवा. लेदरला नांग्या नाहीत, काटे नाहीत, त्याचं हत्यार रसायनांचं. टर्पीन जातीची द्रव्यं ते पाण्यात सोडतं, शेजारच्या कोरलनी जवळ येऊ नये म्हणून. ताणात ती जास्त सुटतात. कार्बन ती बऱ्यापैकी शोषून घेतो. दर तीन-चार आठवड्यांनी बदला.


ओलीवाळू
१३ तारीख, सकाळी ७.५०

रात्रीच बघितलं. देठ घट्ट आहे, काळा-पांढरा डाग कुठेही नाही, वास फक्त समुद्राचा. तुम्ही दोघांनी लिहिलेलं वाचून नऊ दिवसांत पहिल्यांदा शांत झोपले.

कार्बन ठेवला. आकडे असे: तापमान २५.८, क्षारता ३५, पीएच सकाळी ८.०, अल्कलिनिटी ८.४ डीकेएच, कॅल्शियम ४३०, मॅग्नेशियम १३२०. अमोनिया आणि नायट्राइट शून्य. नायट्रेट शून्य, फॉस्फेटही शून्य. क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने मोजते, आरओडीआयच्या पाण्यावर शून्य लावून घेतला होता. दिवे रोज १० तास, ८० टक्क्यांवर.


समुद्रफेस
१३ तारीख, सकाळी ८.३०

छान, आता बोलायला काहीतरी हातात आलं. तीन गोष्टी दिसतायत.

पहिली, नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य. तुम्ही फॉस्फेट शोषणारं मीडिया वापरत असणार. सॉफ्ट कोरलना इतकं धुतलेलं पाणी सोसत नाही. ती उथळ, गढूळ, अन्नकणांनी भरलेल्या जागी वाढणारी जात. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ च्या आसपास असेल तर लेदर खूश असतं. मीडिया काढा, माशांना थोडं जास्त खायला द्या, आकडे सावकाश वर येऊ देत. दोन्ही शून्यावर असले की डायनोफ्लॅजेलेट्सची तपकिरी साय यायलाही वाव मिळतो, ते वेगळंच दुखणं.

दुसरी, रिफ्रॅक्टोमीटर. शुद्ध पाण्यावर शून्य बरोबर दाखवतो म्हणून ३५ वरही बरोबर दाखवेल असं नाही. तराजू रिकामा असताना काटा मध्यावर असतो, म्हणून दहा किलोला तो खरा बोलतोच असं नाही ना, तसंच हे. ३५ पीपीटीचं, म्हणजे हजार भागांत ३५ भाग क्षार असलेलं, कॅलिब्रेशन द्रावण आणा आणि त्यावर काय दाखवतो ते बघा. हे झाल्याशिवाय क्षारतेवर मी काही बोलणार नाही.

तिसरी, जागा. नऊ दिवसांत तीन वेळा हलवलंत. हलवलं की त्याला उजेड आणि प्रवाह यांचा हिशेब पहिल्यापासून मांडावा लागतो. आता एक जागा ठरवा आणि तीन आठवडे हात लावू नका.

काय बघत राहायचं तेही सांगतो. टोडस्टूलच्या टोपीवर दोन प्रकारचे पॉलिप असतात. लांब, आठ स्पर्शकांचे, आपल्याला डोलताना दिसतात ते ऑटोझूइड. त्यांच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढे ठिपके असतात ते सायफोनोझूइड. ते पाणी आत ओढतात आणि त्या पाण्यानेच अख्खं कोरल फुगतं. त्यामुळे सुधारणा आधी अंगात दिसते, पॉलिपमध्ये नंतर. सकाळी आक्रसलेलं आणि दुपारी दिव्याखाली जरा भरलेलं दिसलं तर समजा गाडी रुळावर येतेय. पॉलिप मागाहून येतील. फोटो रोज एकाच वेळी, एकाच कोनातून काढा. नुसत्या डोळ्यांनी हा फरक कळत नाही.


निळीबत्ती
१३ तारीख, दुपारी १.१५

उजेडाबद्दल माझ्याकडून. ८० टक्के हा आकडा एकटा काही सांगत नाही, दिवा कोणता आणि पाण्यापासून किती उंच यावर सगळं आहे. पार मीटर, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी उजेड मोजणारं यंत्र, कुणाकडून एक दिवसासाठी मिळाला तर घ्या. लेदरला ५० ते १५० पार पुरतो, सुरुवात खालच्या टोकापासून करावी. मीटर नसेल तर दिवा ४० टक्क्यांवर आणा, वेळ ८ तास करा आणि दर चार दिवसांनी ५ टक्के वाढवा.

कोरलच्या पेशींत झूझँथेली नावाची एकपेशीय शैवालं राहतात, ती उजेडावर साखर बनवतात आणि त्यातला मोठा वाटा कोरलला देतात. उजेड एकदम वाढला की त्यांच्या प्रकाशसंश्लेषणात ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात आणि कोरल त्यांना हाकलून देतं. हेच ब्लीचिंग. म्हणून रंगावर लक्ष ठेवा. नेहमीपेक्षा गडद तपकिरी झालं तर घाबरायचं कारण नाही, कमी उजेडात शैवाल वाढवलंय एवढंच. फिकट, दुधाळ व्हायला लागलं तर उजेड लगेच कमी करा. आणि उजेड फारच कमी पडला तर महिन्या-दोन महिन्यांत देठ लांबवून दिव्याकडे मान काढेल.

उजेडाबरोबर प्रवाह का लागतो याचं मला आवडणारं एक उत्तर आहे. झेनिया जातीची कोरलं हाताची मूठ उघडावी-मिटावी तशी सतत धडधडतात. लाल समुद्रातल्या हेटेरोझेनियावर २०१३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की या धडधडीने अंगाभोवतीचा ऑक्सिजन झटकला जातो आणि प्रकाशसंश्लेषण वाढतं. ऑक्सिजन तिथेच साचून राहिला तर तोच अडथळा होतो. टोडस्टूलला धडधडता येत नाही. त्याच्यासाठी ते काम आपल्या पॉवरहेडने करायचं. दिवा वाढवायचा आणि पाणी मात्र निपचित ठेवायचं, हे त्याला फार जड जातं.


शंखिनी
१३ तारीख, दुपारी ३.००

अडीच तासांच्या ड्रिपबद्दल लिहायचं राहिलं होतं. ताई, यात तुमची चूक नाही, बहुतेक ठिकाणी असंच सांगतात. पण २० तासांच्या पिशवीला ते लागू पडत नाही.

बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचतो, पीएच खाली जातो. त्याच पाण्यात थोडा अमोनियाही साचत असतो, पण पीएच कमी असल्यामुळे तो बहुतांशी अमोनियमच्या, म्हणजे कमी विषारी रूपात असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो. वरून आपण ८.१ पीएचचं पाणी थेंब थेंब घालत राहतो, आणि अमोनियम परत अमोनिया व्हायला लागतं. जितका वेळ ड्रिप, तितका वेळ ते त्याच पाण्यात.

म्हणून लांबून आलेल्या पार्सलसाठी माझी पद्धत अशी. पिशवी न उघडता १५-२० मिनिटं तरंगवायची, तापमान जुळवायचं. उघडल्याबरोबर पिशवीतल्या पाण्याची क्षारता मोजायची. टाकीशी फरक १-२ पीपीटीचा असेल तर १५-२० मिनिटांत चार-पाच वेळा थोडं थोडं पाणी बदलून कोरल आत. फरक त्याहून मोठा असेल तर छोट्या क्वारंटाईन डब्यात पिशवीच्या क्षारतेचं ताजं पाणी आधीच तयार ठेवायचं, कोरल थेट त्यात, आणि मग दोन-तीन दिवसांत हळूहळू टाकीच्या आकड्यावर आणायचं. पिशवीतलं पाणी टाकीत कधीही ओतायचं नाही.


समुद्रफेस
१३ तारीख, दुपारी ३.४०

शंखिनीताई, रसायनशास्त्र पटतं, पण जोर कुठे द्यायचा यावर माझं मत जरा वेगळं आहे. कोरल माशाइतका अमोनिया टाकत नाही. एवढ्याशा कोरलच्या पिशवीत तो किती साचणार? मला अडीच तासांच्या ड्रिपची भीती वाटते ती तापमानामुळे. बादली टाकीबाहेर, हीटर नाही, पाणी तीन-चार अंश सहज उतरतं. आधी २० मिनिटं तरंगवून जे कमावलं ते तिथे जातं, आणि वर १० मिनिटांचं डिप. डिपचं पाणीही त्याच तापमानाचं होतं का, ताई?


शंखिनी
१३ तारीख, दुपारी ४.०५

कोरल एकटं असेल तर तुमचं बरोबर. पण बऱ्याचदा ते दगडाच्या तुकड्यावर येतं आणि त्यावरचे स्पंज, किडे वाटेत मरतात. अमोनिया त्यांचा. तापमानाचा मुद्दा मात्र मी लिहायला हवा होता, तो पूर्ण मान्य.


ओलीवाळू
१३ तारीख, सायंकाळी ६.२०

बादलीत थर्मामीटर नव्हता. पाणी हाताला गार लागत होतं हे आता आठवतंय. डिप त्याच पाण्यात केलं. वाईट वाटलं वाचून, पण कळलं ते बरं झालं.

द्रावण उद्या मिळेल.


नवशिका
१४ तारीख, सकाळी ११.००

मध्येच विचारतोय, माफ करा. मी झोअँथिड आणि झेनिया आणणार आहे. ती पण सॉफ्ट कोरलच ना? हेच सगळं लागू होईल का?


शंखिनी
१४ तारीख, दुपारी १२.१०

विचारलंत ते बरं केलंत, यात सुरक्षेचा भाग आहे.

झोअँथिडला छंदात सॉफ्ट म्हणतात, पण खऱ्या सॉफ्ट कोरलच्या प्रत्येक पॉलिपला आठ पिसासारखे स्पर्शक असतात. झोअँथिड त्या गटातली नाहीत, ती समुद्रफुलांच्या जवळची. रुळवण्याची रीत तीच. मात्र काही झोअँथिडमध्ये, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घातल्याशिवाय हात लावू नका, कापताना तर नाहीच. ती असलेला दगड कधीही उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका, पाण्याबाहेर ब्रशने घासू नका. त्या वाफेने आणि तुषारांनी घरातली माणसं दवाखान्यात गेल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. घरात लहान मुलं, मांजर असेल तर डिपचं पाणी लगेच निचऱ्यात.

झोअँथिडवर त्यांचेच रंग घेतलेल्या गोगलगायी येतात, न्युडिब्रँक. डिपने त्या गळतात, पण त्यांची अंडी गळत नाहीत. प्लगच्या, म्हणजे कोरल चिकटवलेल्या छोट्या चकतीच्या, खालची बाजू भिंगाने बघा, पांढरी वळ्यावळ्यांची अंडी दिसली तर खरवडून काढा. शक्य तर प्लगच बदला. अंडी डोळ्यांतून सुटतात, म्हणून आठवड्याने परत डिप.

झेनियाला कडक डिप सोसत नाही. ते फक्त टाकीच्या पाण्यात दोन-तीनदा विसळून घ्या. आणि ते स्वतंत्र दगडावर ठेवा, आवडलं तर सगळीकडे पसरतं.

मासे असतील तर कोरलही वेगळ्या, मासे नसलेल्या डब्यात काही आठवडे ठेवणं सर्वांत चांगलं. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे कोश प्लगवर, दगडावर चिकटून येतात. कोरलला त्यांचा त्रास नाही, माशांना आहे. छंदात ७६ दिवसांचा आकडा पाळतात. सगळ्यांना जमत नाही हे मला माहीत आहे, पण जमेल त्याने करावं.


ओलीवाळू
१४ तारीख, रात्री ८.३०

सापडलं! ३५ च्या द्रावणावर माझा रिफ्रॅक्टोमीटर ३३ दाखवतोय. म्हणजे मी ३५ समजत होते ते पाणी खरं ३७ आहे. विक्रेत्याला फोन करून विचारलं, त्यांच्याकडे ३३ असतं. म्हणजे अडीच तासांत ३३ वरून ३७ वर, आणि तेही गार पाण्यात. बिचाऱ्याने मिटून घेतलं तर नवल काय.

आता एकदम खाली आणू का?


समुद्रफेस
१४ तारीख, रात्री ८.५०

एकदम नको! दहा-अकरा दिवसांत ते ३७ ला थोडंफार जुळलेलं असेल. परत झटका नको.

हिशेब सोपा आहे. पाणी १८० लिटर. रोज २ लिटर खारं पाणी काढा आणि तेवढंच आरओडीआयचं गोडं पाणी सावकाश सम्पमध्ये घाला. पाच दिवसांत ३७ वरून ३५ वर याल. बाष्पीभवनाची रोजची भर वेगळी, ती चालूच ठेवा. क्षारता खाली येताना अल्कलिनिटी, कॅल्शियमही त्याच प्रमाणात थोडे उतरतील. तुमचे आकडे पाहता त्याची काळजी नको.

रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्याच द्रावणावर लावून घ्या आणि दर महिन्याला तपासा.


तळाचादगड
१५ तारीख, सकाळी ९.१५

डिपबद्दलचा माझा सल्ला मागे घेतो, शंखिनीताईंचं वाचून माझ्याच फिंगर लेदरचं काय झालं असावं ते कळलं. तेव्हा माझ्या टाकीत प्रवाह अगदीच कमी होता.

पण ओलीवाळू, तुमचा पहिला फोटो मोठा करून बघत होतो. टोपीच्या डाव्या बाजूला वाळूचे दाणे आहेत. गोबी वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून चाळतो आणि वर येऊन सोडतो. कोरल वाळूवर असेल तर ती सगळी त्याच्या डोक्यावर. लेदरला अंगावर गाळ बसलेला अजिबात चालत नाही, पॉलिप बाहेर काढायचं ते सोडून देतं. तुमचा गोबी तसं करतो का, ते जरा बसून बघा.


ओलीवाळू
१५ तारीख, रात्री १०.००

तळाचादगड, तुमचे किती आभार मानू! संध्याकाळी अर्धा तास समोर बसले. तीन वेळा त्याने बरोबर टोपीवर वाळू सोडली. हे मला इतके दिवस दिसलं नव्हतं.

आता एकदाच हलवू ना? वाळूपासून १० सेंटिमीटर वर एक सपाट दगड आहे. पॉवरहेडचा झोत समोरच्या काचेवर आपटून तिथे मऊ होऊन येतो. पण चिकटवायचं कसं? पहिल्या दिवशी जेल सुपरग्लू लावला होता, तासाभरात सुटला.


समुद्रफेस
१५ तारीख, रात्री १०.२५

हलवा. हे हलवणं कारण माहीत असून आहे, आधीचं तसं नव्हतं.

लेदर अंगातून चिकट स्राव सोडतं, म्हणून ग्लू त्याच्या मांसाला धरत नाही. तुमचं कोरल छोट्या दगडावर किंवा प्लगवर असेल तर ग्लू त्या दगडाला लावा, कोरलला नाही. नुसता देठच असेल तर देठाच्या तळाशी दगडाचा चपटा तुकडा धरून त्यावरून रबरबँड, अगदी सैल. घट्ट बांधला तर तो देठ कापत जातो. किंवा मच्छरदाणीसारखी मऊ जाळी तळावरून घेऊन दगडाखाली बांधा. दोन-तीन आठवड्यांत स्वतःच धरून बसतं, मग जाळी कापून काढायची. हात लावायच्या आधी साबण, क्रीम काही राहू देऊ नका, हातमोजे घातलेले उत्तम.

पाण्याबाहेर काढलं तर आणखी आक्रसेल, पाणी सोडेल. घाबरू नका. पण गरज नसेल तर पाण्यातच करा.


ओलीवाळू
१८ तारीख, रात्री ९.००

आज संध्याकाळी पापुद्रा एका कडेने सुटून प्रवाहात फडफडत होता. सिरिंजने दोनदा हलकं पाणी मारलं, आणि मोज्यासारखा अख्खा निघून आला. जाळीने टाकीबाहेर काढला. खालची त्वचा मऊ, फिकट मोतिया रंगाची, स्वच्छ. मी किती वेळ समोर उभी होते ते कळलंच नाही.

क्षारता आज ३५.५. नायट्रेट २ दाखवायला लागलं.


शंखिनी
१८ तारीख, रात्री ९.३०

किती छान! हा फिकटपणा ब्लीचिंगचा नाही, नव्या त्वचेचा आहे, दोन-चार दिवसांत गडद होईल. दिवा या आठवड्यात वाढवू नका. कोरलसाठी वेगळं खाद्य घालायचा मोह होईल, तोही आवरा. मिटलेलं कोरल खात नाही आणि ते खाद्य पाण्यात कुजतं. माशांचं उरलंसुरलं पुरे आहे.


निळीबत्ती
१९ तारीख, सकाळी ८.००

दिव्याबाबत सहमत. २५ तारखेपर्यंत ४० वरच राहू द्या.


ओलीवाळू
२७ तारीख, दुपारी ४.१०

चोवीसावा दिवस. सकाळी १० ला दिवे लागले, ११ ला टोपी ताटलीसारखी सपाट झाली, आणि दुपारी दोनच्या सुमारास आधी कडेने, मग आत आत, पॉलिप आले. सगळे नाहीत, मधला भाग अजून रिकामा आहे. पण आले! रोजचे फोटो एकापाठोपाठ लावून बघितले, समुद्रफेस म्हणाले तसंच आहे. २० तारखेपासून अंग रोज थोडं थोडं भरत होतं, मला त्या वेळी जाणवलं नाही.

आता नवी गोष्ट. क्लाऊनची मोठी मादी तासाभरातच तिथे पोचली. टोपीत अंग घासतेय, पॉलिपमध्ये शिरतेय. ती गेली की पॉलिप परत आत. बघायला फार सुंदर दिसतं, पण कोरल दमेल का?


समुद्रफेस
२७ तारीख, दुपारी ४.४५

अभिनंदन, मनापासून!

हो, दमेल. समुद्रफूल नसेल तेव्हा क्लाऊन टोडस्टूललाच घर मानतात, आणि मोठ्या, रुजलेल्या कोरलला ते चालतं. ७ सेंटिमीटरच्या नव्या कोरलला सतत घासलं तर ते परत मिटून बसेल. प्लॅस्टिकची जाळीदार टोपली उलटी घालून वर छोटा दगड ठेवा. भोकं एवढी हवीत की प्रवाह आणि उजेड आत जाईल, मासा जाणार नाही. टोपलीला धातूची तार, खिळा काही नको. दोन आठवडे ठेवा. दर दोन-तीन दिवसांनी टोपलीवरचं शेवाळ पुसा, नाहीतर आत अंधार होतो. मधला भाग पूर्ण उघडला आणि देठाने दगड धरला की काढा.


ओलीवाळू
२७ तारीख, रात्री ८.१५

टोपली ठेवली. मादी बाहेरून फेऱ्या मारतेय, नर तिच्या मागे. मघाशी बघितलं तेव्हा पॉलिप परत बाहेर होते, मधलेही दोन-तीन.